हेडफोन बदलण्याआधी गाद्या बदलून बघा
जुन्या हेडफोनचा बास गेलाय असं वाटलं की आपण लगेच नवा शोधायला लागतो. आधी कानावरच्या गाद्या चाचपून बघा. फोम चपटा झाला असेल, रेक्झिनचे काळे पापुद्रे कानाला चिकटत असतील, तर कानाभोवती फट राहते आणि बास तिथूनच निसटतो. नवी गादी मूळ मापाची नि जाडीचीच घ्या. जाडी बदलली की आवाजही बदलतो.

तरी नवा घ्यायचाच असेल, तर सोबत ॲम्प्लिफायर घ्यायची घाई नको. 32 ओहमच्या (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती विरोध करतो त्याचं माप) आसपासचे बहुतेक हेडफोन मोबाइल-लॅपटॉपवर आरामात वाजतात. सेनहायझर एचडी 600 सारखा 300 ओहमचा असेल, तर मात्र ॲम्प घेण्यात अर्थ आहे. ओहमबरोबर सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत हेडफोन किती मोठा वाजतो याचा आकडाही वाचा, तो कमी असेल तर कमी ओहमचा हेडफोनही जास्त ताकद मागतो.

दोन हेडफोनची तुलना करताना ओळखीचंच गाणं लावा आणि दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. किंचित मोठा वाजणारा हमखास सरस वाटतो, मीही यात फसलोय. महागडी केबल? जुनी खरखरत असेल तरच बदला.