इंटरकूलर नसलेल्या टर्बोचं नॉकिंग कसं थांबलं
मिशिगनमध्ये माझ्याकडे १९८० च्या दशकातली टर्बो गाडी आहे (टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो), इंटरकूलर नसलेली, म्हणजे दाबून तापलेली ती हवा थंड करणारा भाग नसलेली. उन्हाळ्यात चढावर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आला की पेट्रोलवर नॉकिंग व्हायचं, म्हणजे सिलेंडरात इंधन आपोआप पेटून ठोकल्यासारखा आवाज यायचा. इंटरकूलर बसवायला पुढे जागाच नाही, म्हणून ई८५ वर, म्हणजे बरंचसं इथेनॉल आणि थोडं पेट्रोल असलेल्या इंधनावर गेलो. इथेनॉलची वाफ होताना ते किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, शिवाय तेवढ्याच हवेला वजनाने दीडपटीहून जास्त लागतं. त्यामुळे सिलेंडरात शिरणारं मिश्रणच थंडावतं, ऑक्टेनही (नॉकिंग रोखण्याची क्षमता) जास्त. मोठे इंजेक्टर, मोठा पंप, इथेनॉलला टिकणारे होस घातले आणि वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा) पाहत मॅप (किती इंधन सोडायचं याचा इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला तक्ता) नव्याने लावला. नॉकिंग गेलं! हिवाळ्यात इथल्या पंपांवरच्या ई८५ मध्ये इथेनॉल ५१ टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, तेव्हा बूस्ट जरूर कमी ठेवा. ऑइलही लवकर बदला, थंडीत न जळलेलं इंधन त्यात मिसळतं.