वाइल्ड सॅमन कोरडा होतोय? या चुका टाळा

महागाचा वाइल्ड सॅमन हौसेने आणावा, पाककृतीत दिलेली मिनिटं मोजून शिजवावा आणि ताटात भुशासारखा तुकडा यावा, असं बऱ्याच जणांचं होतं. माझंही झालंय, आणि वाईट वाटलं होतं. दोष माशाचा नसतो. पुष्कळशा पाककृती मत्स्यशेतीतल्या सॅमनच्या बेताने लिहिलेल्या असतात. तो समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात आयतं खाऊन वाढतो. त्याच्या मांसात चरबीच्या पांढऱ्या रेघा ठळक दिसतात आणि दोन मिनिटं जास्त झाली तरी ती चरबी त्याला सांभाळून घेते. वाइल्ड म्हणजे खुल्या समुद्रात पोहलेल्या माशाचं मांस घट्ट असतं आणि चरबी कमी, सॉकाय आणि पिंक या जातींत तर फारच कमी.

म्हणून सर्वात मोठी चूक म्हणजे हा मासा आतपर्यंत फिकट, कोरडा दिसेपर्यंत आचेवर ठेवणं. जाड भागात थर्मामीटर खुपसा. बरेच स्वयंपाकी 49-50 अंश सेल्सिअसला उतरवतात, कारण उतरवल्यावरही पारा थोडा चढतो. अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या शिफारशीत मात्र 63 अंश सांगितले आहेत. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस जेवणार असेल तर तिथपर्यंतच न्या, पण मंद आचेवर. थर्मामीटर नसेल तर सुरीच्या टोकाने पाकळ्या हलकेच उलगडून पाहा: सहज सुटल्या आणि मधोमध किंचित ओलसर चमक दिसली की गॅस बंद.

वर पांढरा, दह्याच्या कवडीसारखा थर येतो ना, ती चरबी नव्हे. ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. जास्त आचेने मांस आवळलं की ते पिळून बाहेर येतं. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवून तुकड्या 10-15 मिनिटं बुडवा, मग नीट टिपून घ्या. थर बराच कमी होतो.

कातडी तव्याला चिकटते ती ओली असते म्हणून. कागदाने खडखडीत टिपा, तवा तापल्यावर कातडी खाली ठेवा आणि उलथनं लांब ठेवा. कुरकुरीत झाली की ती आपणहून सुटते. तोवर खरवडत बसलात तर निम्मी कातडी तव्यालाच राहील.

खरेदीत लोक नावाला फसतात. ‘अटलांटिक सॅमन’ ऐकलं की महासागर डोळ्यांपुढे येतो, पण बाजारात या नावाने मिळणारा मासा जवळजवळ नेहमी मत्स्यशेतीतलाच असतो. उलट अलास्काने 1990 मध्ये सॅमनच्या मत्स्यशेतीवर बंदी घातली, त्यामुळे तिथला सॅमन समुद्रात पकडलेलाच. किंग, सॉकाय, कोहो, पिंक, चम ही जातींची नावं लेबलवर शोधा. रंगावर जाऊ नका, कारण तो रंग देणारं अ‍ॅस्टाझॅन्थिन मत्स्यशेतीत खाद्यातूनही देतात.

‘फ्रोझन नको, ताजाच हवा’ हा हट्टही सोडा. अलास्कातला सॉकायचा मुख्य हंगाम जून-जुलैचा. बाकीच्या दिवसांत बर्फावर मांडलेला ‘ताजा’ तुकडा बऱ्याचदा आधी गोठवून वितळवलेलाच असतो. पकडल्याबरोबर गोठवलेला मासा घरी फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून वितळवलेला बरा. मात्र व्हॅक्यूम पाकीट आधी फाडा. हवाबंद जागेत बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू फोफावू शकतात, काही प्रकार तर फ्रिजच्या गारव्यातही. कच्चा खायचा असेल तर परजीवी मरण्यासाठी उणे 20 अंशांत 7 दिवस लागतात, आणि घरचा फ्रीझर तेवढा गार राहीलच असं नाही.

बाकी मासळीचं थोडक्यात. कोळंबी अर्धवर्तुळासारखी वळली की उतरवा, गोल वेटोळं झालं म्हणजे रबर झाली. तोंड उघडं असलेला जिवंत शिंपला टिचकी मारूनही मिटला नाही तर टाकून द्या. स्कॅलॉप (एका जातीच्या शिंपल्याचं मांस) घेताना ‘ड्राय’ मागा, कारण फॉस्फेटच्या पाण्यात बुडवलेले तव्यावर पाणी सोडतात आणि लालसर होतच नाहीत.

आणि उरलेला सॅमन पुन्हा गरम करू नका. फ्रिजमधून काढा, हाताने मोकळा करा, वर लिंबू पिळा आणि गारच खा.