जीएसटी नंबर सगळ्यांनाच सक्तीचा नको

रावेरकडच्या केळी उत्पादकांसाठी नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म केला, त्यात जीएसटी नंबर सरसकट सक्तीचा ठेवला. लोकांनी १५ शून्यं ठोकली आणि पुढे गेले! चूक माझीच.

१. आधी विचारा: 'जीएसटी नोंदणी आहे का?' 'व्यापारी' या शब्दावर अट बांधू नका. ताज्या केळीवर जीएसटी नाही, त्यामुळे नुसत्या केळीच्या व्यापाऱ्याकडेही नंबर नसू शकतो.
२. 'हो' म्हटलं तरच रकाना दाखवा, सक्तीचा करा, १५ अक्षरं तपासा. लारावेल या वेबसाइट बनवायच्या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये यासाठी 'रिक्वायर्ड_इफ' (required_if) हा तयार नियम आहे.
३. नंतर 'नाही' केलं तर भरलेला नंबर पुसा. नाहीतर तो गुपचूप सेव्ह होतो.

हीच अट सर्व्हरवरही लावा. ब्राउझरमधली तपासणी कुणीही चुकवू शकतो.