पडद्यावर सतत दिसलेल्या, पण नावाने न उरलेल्या नटाची कारकीर्द कशी शोधावी : नोबल जॉन्सनच्या निमित्ताने

अमेरिकी चित्रपटाच्या आरंभकाळातील नायक-नायिकांची चरित्रे तयार मिळतात. त्याच काळात शंभराहून अधिक चित्रपटांत सरदार, नोकर, टोळीप्रमुख, खलाशी अशी कामे करून गेलेल्या चरित्र अभिनेत्याची कारकीर्द मात्र अभ्यासकाला स्वतःच उभी करावी लागते. इंटरनेटवर अशा नटाच्या नावाखाली लांबलचक यादी सापडते, परंतु तिच्यातील नोंदी एकाच विश्वासार्हतेच्या नसतात. काही श्रेयनामावलीवरून, काही जुन्या जाहिरातींवरून, तर काही कोणाला तरी चेहरा ओळखीचा वाटला म्हणून आलेल्या असतात. ही यादी पारखून कशी घ्यावी, हे येथे नोबल जॉन्सन या नटाच्या उदाहरणावरून मांडले आहे. त्याचा जन्म १८८१ साली मिसूरी राज्यातील मार्शल या गावी झाला, बालपण कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे गेले आणि १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले. १९१० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे १९५० पर्यंत तो पडद्यावर वावरला.

सुरुवात एका साध्या वहीने किंवा एक्सेलच्या तक्त्याने करावी. प्रत्येक चित्रपटासमोर प्रदर्शनाचे वर्ष, निर्मिती कंपनी, भूमिकेचे नाव, श्रेयनामावलीत नाव आहे की नाही, आणि मुख्य म्हणजे ही माहिती आपल्याला कशावरून कळली, हे रकाने असावेत. शेवटचा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह फार होतो, आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. पुराव्याच्या तीन श्रेणी कराव्यात. चित्रपट स्वतः पाहिला आणि पडद्यावर नाव वाचले, ती पहिली. त्या काळच्या छापील मजकुरात नाव सापडले, ती दुसरी. केवळ चेहऱ्यावरून ओळख पटवली, ती तिसरी. तिसऱ्या श्रेणीतील नोंद नवा पुरावा मिळाल्याशिवाय वर चढवू नये.

छापील मजकूर शोधताना कालखंडाचे भान ठेवावे. १९१० पूर्वी बहुतेक कंपन्या नटांची नावे जाहीरच करीत नसत, आणि बायोग्राफसारखी मोठी कंपनी तर १९१३ पर्यंत या धोरणाला चिकटून होती. त्यानंतर मात्र ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’, ‘मोशन पिक्चर न्यूज’ यांसारख्या व्यवसायपत्रांत भूमिकांसह नावे छापली जाऊ लागली. यांचे अंक ‘मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी’ने स्कॅन करून विनामूल्य खुले केले असल्याने पुण्यात किंवा नागपुरात घरी बसूनही ते चाळता येतात. फक्त यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरांची मोडतोड पुष्कळ असते, म्हणून नटाच्या नावाने काही मिळाले नाही तर चित्रपटाचे किंवा भूमिकेचे नाव घालून पुन्हा शोधावे आणि मूळ पान डोळ्यांनी वाचावे. नामसाधर्म्याचाही त्रास होतो. जुन्या वृत्तपत्रांत ‘नोबल जॉन्सन’ शोधल्यास इंडियाना राज्यातील त्याच नावाचा अमेरिकी संसदेचा (काँग्रेसचा) सदस्य वारंवार समोर येतो, आणि मतदानाच्या बातम्यांतून आपला नट वेगळा काढावा लागतो.

यानंतर कोणते चित्रपट आज अस्तित्वात आहेत, हे तपासावे. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत सुमारे ११,००० पूर्ण लांबीचे मूकपट प्रदर्शित झाले, आणि त्यांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. अपुऱ्या किंवा परदेशी प्रतींच्या रूपात उरलेले धरले तरी हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासच जाते. म्हणजे मूकपटांच्या बाबतीत आपल्या तक्त्यातील बहुतांश नोंदी कायम दुसऱ्या श्रेणीतच राहणार, हे आधीच मान्य करावे. हरवलेल्या चित्रपटासाठी कथासार, प्रसिद्धीची छायाचित्रे आणि स्वामित्वहक्काच्या नोंदी एवढाच आधार असतो.

जे चित्रपट उपलब्ध आहेत, त्यांत नट ओळखणे हे सर्वांत जिकिरीचे आणि, माझ्या मते, सर्वांत रंजक काम आहे. जॉन्सन कृष्णवर्णीय होता, पण उजळ वर्ण, सहा फुटांहून अधिक उंची आणि भरदार बांधा यांमुळे स्टुडिओंनी त्याला जगातील जवळजवळ प्रत्येक वंशाची वेषभूषा चढवली. १९२२ च्या रॉबिन्सन क्रूसोवरील मालिकापटात तो क्रूसोचा सोबती फ्रायडे होता, १९३० च्या ‘मोबी डिक’मध्ये क्वीक्वेग हा देवमाशांचा शिकारी, ‘द ममी’मध्ये न्यूबियन सेवक, ‘द लाइव्ह्ज ऑफ अ बेंगाल लान्सर’मध्ये रामसिंग, आणि १९४९ च्या ‘शी वोअर अ यलो रिबन’मध्ये रेड शर्ट हा मूळ अमेरिकी टोळीचा सरदार. ‘द थीफ ऑफ बगदाद’ हा १९२४ चा डग्लस फेअरबँक्सचा चित्रपट हिंदुस्थानातही खूप गाजला होता. त्यात राजकन्येला मागणी घालायला आलेला हिंदुस्थानचा राजपुत्र म्हणजे जॉन्सनच. त्याच दृश्यांतील इराणचा जाडजूड राजपुत्र माथिल्ड कोमाँ या अभिनेत्रीने रंगवला आहे, यावरून भूमिकेच्या नावावर किती विसंबावे हे ठरवावे.

म्हणून ओळख पटवताना वर्णावर कधीही भर देऊ नये. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला संवेदनशील नव्हती, त्यामुळे पडद्यावरील त्वचेची छटा ही रंगभूषा, प्रकाश आणि फिल्म यांची मिळून झालेली असते. सरावासाठी ‘द मोस्ट डेंजरस गेम’ (१९३२) आणि ‘किंग काँग’ (१९३३) हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. आरकेओ स्टुडिओने दोन्हींसाठी जंगलाचे तेच सेट वापरले. पहिल्यात दाढीवाला, तोंडातून शब्द न काढणारा इव्हान हा कॉसॅक (रशियातील लढवय्या जमातीचा) नोकर आहे, आणि गोऱ्या माणसाची रंगभूषा केलेला तो नट जॉन्सन आहे. दुसऱ्यात पिसांचा शिरपेच घातलेला बेटावरचा टोळीप्रमुखही तोच आहे. दोन्ही ठिकाणी चित्र थांबवून खांद्यांची रुंदी, मान वळवण्याची पद्धत, कानाची ठेवण आणि उभे राहण्याची ढब ताडून पाहावी. दाढी, टोप, रंग हे सारे बदलते, या गोष्टी फारशा बदलत नाहीत. एकाच कोनातून घेतलेल्या दोन चौकटी शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय घेऊ नये, आणि शक्य असल्यास नाव न सांगता त्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवाव्यात.

इथवर आलेला अभ्यासक बहुधा हॉलिवूडच्या कागदपत्रांवरच थांबतो, आणि जॉन्सनच्या बाबतीत ही मोठीच उणीव ठरते. १९१६ मध्ये त्याने आपला भाऊ जॉर्ज आणि इतर सहकाऱ्यांसह लिंकन मोशन पिक्चर कंपनी उभी केली. कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी चालवलेल्या अगदी पहिल्या चित्रपटसंस्थांत तिची गणना होते. तिच्या पहिल्याच चित्रपटात जॉन्सन टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या नामांकित शिक्षणसंस्थेत शिकलेल्या, तेलाच्या धंद्यात नशीब काढणाऱ्या तरुण अभियंत्याच्या भूमिकेत नायक होता. युनिव्हर्सल या हॉलिवूडच्या स्टुडिओत त्याच सुमारास त्याच्या वाट्याला दुय्यम कामे येत होती. लिंकनच्या जाहिरातींवरील त्याच्या चेहऱ्यामुळे युनिव्हर्सलच्या चित्रपटांचा प्रेक्षक तुटतो, अशी तक्रार झाल्यानंतर त्याने १९१८ मध्ये लिंकनचे अध्यक्षपद सोडले, असे सांगितले जाते. या चित्रपटांचे फारच थोडे अवशेष उरले आहेत, आणि गोऱ्यांच्या व्यवसायपत्रांत त्यांची दखलही तुरळक आहे. त्यासाठी ‘शिकागो डिफेंडर’सारखी कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे आणि जॉर्ज जॉन्सनने आयुष्यभर जमवलेला, आता लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असलेला संग्रह पाहावा लागतो. जॉर्ज पोस्टात नोकरी करून कंपनीचे वितरण सांभाळत असे, आणि त्याने पत्रे, कात्रणे, जाहिराती जपल्या नसत्या तर ही कहाणी बरीचशी पुसली गेली असती.

तक्ता भरत आला की रिकाम्या वर्षांचा अर्थ लावण्याची घाई होते. वर्षभरात दोनच नोंदी दिसल्या म्हणजे नटाला काम नव्हते, असे समजू नये. श्रेयाविना केलेली कामे कोणत्याच छापील यादीत येत नाहीत. ‘द नॅव्हिगेटर’ (१९२४) या बस्टर कीटनच्या चित्रपटात जॉन्सन नरभक्षकांचा प्रमुख आहे. तेथील ओळख पडद्यावरील चेहऱ्यावरून पटवावी लागते. उलट श्रेयनामावलीत नाव कितव्या क्रमांकावर आहे, हे दरवर्षी टिपत गेल्यास स्टुडिओच्या लेखी त्याची किंमत कधी वाढली आणि कधी घटली, हे एकूण आकड्यापेक्षा अधिक स्पष्ट होते.

एकूण आकडा द्यायचाच असेल तर तो तीन भागांत द्यावा : स्वतः पाहून खात्री केलेले चित्रपट, छापील पुराव्यावरून धरलेले चित्रपट आणि चेहऱ्यावरून सुचवलेले चित्रपट. प्रत्येक भागासमोर तपासणीची तारीखही लिहावी, कारण हरवलेला समजला गेलेला एखादा मूकपट एखाद्या संग्रहात अजूनही सापडतो आणि मग दुसऱ्या भागातील नोंद पहिल्या भागात हलवावी लागते.