मायक्रोस्कोपमधून नीट कसं पाहायचं: आधी उजेड, मग एक्स

परवा भाचा नागपूरच्या फुटाळा तलावाचं पाणी बाटलीत भरून आला, सोबत नवा मायक्रोस्कोप, आणि म्हणे मामा, याच्यात काहीच नाही दिसून राहिलं, सगळं पांढरंफटक. पाहतो तर त्याने सरळ ४० एक्स, म्हणजे ४० पट मोठं दाखवणारी लेन्स लावलेली, लाईट फुल, खालचा डायफ्रॅम, म्हणजे उजेडाची वाट लहानमोठी करणारा पडदा, पूर्ण उघडा. मी ४ एक्स लावला, डायफ्रॅम हळूहळू मिटवत आणला आणि त्या पांढऱ्यात पॅरामेशियम नावाचे एकपेशीय जीव पळताना दिसायला लागले. पोराचा चेहरा पाहण्यासारखा होता! हे जीव जवळपास पाण्यासारखेच पारदर्शक असतात, चहूबाजूंनी भसाभस उजेड आला की त्यातच विरून जातात.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, उजेड खालून वर जातो तर आपणही खालूनच सुरुवात करायची.

पहिले लाईट. एलईडी असेल तर मध्यम ठेवा. आरशाचं मॉडेल असेल तर आरशाला दोन बाजू असतात, कंडेन्सर असेल तर सपाट बाजू, नसेल तर खोलगट, कारण खोलगट बाजू स्वतःच उजेड गोळा करते. आरशावर थेट ऊन मात्र कधीच घेऊ नका, आपल्या इथलं तर अजिबातच नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. टेबल लॅम्प पुरे.

मग कंडेन्सर, म्हणजे स्लाईड ठेवायच्या स्टेजच्या खालची भिंगं. याच्याकडे कोणी पाहतच नाही आणि अर्धा खेळ इथेच असतो. तो उजेडाचा शंकू करून स्लाईडवर टाकतो, त्याला वर स्टेजच्या जवळ ठेवा. त्याच्यातल्या डायफ्रॅमने त्या शंकूची रुंदी ठरते. फोकस झाल्यावर आयपीस, म्हणजे डोळा लावायची वरची लेन्स, काढून नळीत डोकावा, उजेडाचा गोल दिसेल, डायफ्रॅम इतका मिटवा की गोलाचा साधारण पाऊण भाग उजळ राहील. जास्त मिटवला तर कडा गडद होतात, छान वाटतं, पण बारीक तपशील जातो. दरवेळी ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाईडजवळची ४, १०, ४० एक्सची लेन्स, बदलला की हे परत करायचं, कंटाळा करू नका.

आता स्लाईड. कांद्याची पातळ साल, पाण्याचा थेंब, थोडं आयोडीन, वरून कव्हरस्लिपची पातळ काच तिरकी टेकवून हळू सोडायची म्हणजे बुडबुडे येत नाहीत. मे महिन्यात कूलरसमोर बसून पाहत असाल तर थेंब पाहता पाहता सुकतो, कव्हरस्लिपच्या कडेला अधूनमधून एक थेंब सोडत राहा.

फोकस नेहमी ४ एक्सवर. बाजूने पाहत स्लाईड लेन्सच्या जवळ आणा, मग डोळा लावून मोठ्या नॉबने दूर नेत जा, दिसेपर्यंत. उलटं केलं तर काच फुटते, लेन्सला ओरखडा पडतो. पुढे १०, मग ४०, आणि ४० वर फक्त बारीक नॉब, कारण तिथे लेन्स आणि स्लाईडमध्ये मिलिमीटरभरही जागा नसते. स्लाईड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जाईल, घाबरू नका, ऑब्जेक्टिव्ह नळीत वर उलटी, मोठी प्रतिमा तयार करतो आणि आयपीस तिला नुसत्या भिंगासारखा आणखी मोठी करून दाखवतो. म्हणून दोघांचा गुणाकार, ४० गुणिले १० म्हणजे ४०० पट.

पण ऑब्जेक्टिव्हवर दुसराही आकडा असतो, ४ एक्सवर ०.१०, ४० एक्सवर ०.६५ असा काहीतरी. खरा आकडा तो! लेन्स किती रुंद शंकू पकडते ते तो सांगतो. १८७३ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी दाखवलं की उजेडाच्या तरंगलांबीमुळेच बारकाव्याला मर्यादा पडते. हिरव्या उजेडात ०.६५ ची लेन्स साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंतच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दोन ठिपके वेगळे दाखवते, त्यापुढे कितीही पट करा, तोच धूसर डाग मोठा होतो. म्हणून खोक्यावर २००० एक्स लिहिलेलं पाहून खरेदी करू नका, लेन्सवरचा हा आकडा आणि डायफ्रॅमवाला कंडेन्सर आहे का ते पाहा.

१०० एक्सला तेल लागतं, कारण काचेतून हवेत येताना किरण वाकून बाहेर निसटतात, इमर्शन ऑईल उजेडाला जवळपास काचेइतकंच वाकवतं म्हणून ते लेन्समध्ये जातात. खोबरेल तेल टाकू नका, आणि काम झालं की लेन्स पेपरने लगेच पुसा. ४० वर तेल लागू देऊ नका, ती कोरडी लेन्स आहे.

डाग दिसतोय? आयपीस फिरवा, डाग फिरला तर घाण तिथे. स्लाईड हलवा, सोबत हलला तर स्लाईडवर. दोन्हीने जागेवरच राहिला तर ऑब्जेक्टिव्ह किंवा कंडेन्सर तपासा. टी-शर्टने पुसू नका बावा.

आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सवर बुरशी चढते, तिचे व्रण काचेच्या कोटिंगवर राहून जातात.