तेल आणि महासत्ता हा विषय घेताय? मग आधी कोरा नकाशा आणा

एमए इतिहासला असताना मी प्रबंधासाठी इराण-इराकच्या तेलावरून झालेली चढाओढ हा विषय घेतला होता, आता जे नव्याने घेतायत त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिले दोन महिने मी नुसती कंपन्यांची नावं पाठ करत बसलो, ते करू नका. इराकच्या तेलासाठीच्या टर्किश पेट्रोलियम कंपनीचीच १९२९ ला इराक पेट्रोलियम होते आणि असल्या नावांमध्येच आपण अडकून पडतो.

सुरुवात १९०१ च्या डार्सी करारापासून करा. इराणच्या शहाने डार्सी या ब्रिटिश उद्योजकाला ६० वर्षांसाठी तेलाचे हक्क दिले, बदल्यात २० हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर्स आणि नफ्यातले १६ टक्के. पण खरी मेख वगळलेल्या भागात आहे, उत्तरेकडचे पाच प्रांत करारात नाहीतच, कारण रशिया बिथरला असता. मी ते पाच प्रांत कोऱ्या नकाशावर लाल पेन्सिलीने रंगवले आणि १९०७ ला ब्रिटन-रशियाने इराणमध्ये आपापले टापू का आखले ते तिथेच डोक्यात बसलं.

१९०८ ला इराणात मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं, १९१४ ला ब्रिटिश सरकारने हे तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचे ५१ टक्के शेअर्स घेतले कारण आरमार कोळशावरून तेलावर जात होतं. त्याच नोव्हेंबरात मुंबईहून गेलेली हिंदी फौज इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरली, तिच्यात मराठा पलटणही होती, आणि जवळच्या अबादान या इराणी बंदरातला तेलशुद्धीकरण कारखाना सांभाळणं हे त्यामागचं एक मोठं कारण. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

उत्तर इराकमधल्या तेलाच्या मोसुलला नीट वेळ द्या. मी पहिल्या मसुद्यात मोसुल सायक्स-पिको करारातच (ब्रिटन-फ्रान्सने ऑटोमन प्रदेश आपसात वाटून घेण्याचा गुप्त करार) ब्रिटनला दिलं होतं आणि गाईड सरांनी पानभर लाल केलं. १९१६ ला ते फ्रान्सच्या वाट्यात होतं, डिसेंबर १९१८ ला फ्रेंच पंतप्रधान क्लेमांसोने ते ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जसाठी सोडलं, आणि १९२० ला इटलीतल्या सान रेमो परिषदेत फ्रान्सला टर्किश पेट्रोलियममधला जर्मन बँकेचा २५ टक्के वाटा मिळाला. अमेरिकेने आरडाओरडा केला तो यानंतर, आणि १९२८ ला कंपनीतल्या चार भागीदारांना (ब्रिटिश, डच-ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकन) प्रत्येकी २३.७५ आणि मध्यस्थ व्यावसायिक गुलबेंकियनला ५ टक्के.

हे वाटे एका तक्त्यात वर्षवार मांडा आणि त्यात इराकचाही रकाना ठेवा. सान रेमोत तिथल्या सरकारला २० टक्क्यांपर्यंत भागीदारीची सोय लिहिली होती, १९२५ च्या करारात हातात आली ती टनामागे चार शिलिंग रॉयल्टी. व्हायवात (तोंडी परीक्षेत) मला सगळ्यात जास्त वेळ याच रकान्यावर विचारलं, त्याचं वेगळं टिपण काढून ठेवा.