पाऊस उघडला, आता राखणीच्या बंदुकीला तेल कुठलं लावायचं?

ग्वाल्हेर जिल्ह्यात डबरा-भितरवारकडे धान कापायला आलंय, मुरैना-भिंडच्या बाजूला मोहरीच्या पेरणीची घाई, म्हणजे नीलगाईंपायी रात्रीची राखण पण आलीच. ज्यांच्याकडे लायसन्सची टोपीदार (तोंडातून बारूद भरून छोट्या स्फोटक टोपीने उडवायची बंदूक) नाहीतर बारा बोर (काडतुसाची दुनळी) आहे त्यांनी ती आत्ताच खोळीतून काढून बघा, पावसाळाभर कापडी नाहीतर चामड्याच्या खोळीत राहिली की ओल धरते आणि नळीवर लाल ठिपके येतात. निवडणुकीत पोलिस ठाण्यात जमा केलेली परत आणली असेल तर आधी तीच बघा, तिथे कोण पुसत बसणार! आणि हो, लायसन्स बंदुकीचं असतं, नीलगाय मारायचं नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

हात लावायच्या आधी बंदूक रिकामी आहे ना ते बघा. बारा बोर उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड दिसला पाहिजे. टोपीदारमध्ये आधी निपलवर (नळीच्या मागच्या टोकाला टोपी बसते ती बोंडी) टोपी नाही ना ते बघायचं, मग तोंडापासून बाजूला राहून गज (बारूद ठासायची सळई) आत सोडायचा, नळीच्या तोंडाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा, निपलच्या बराच अलीकडे थांबला तर आत भरलेलं आहे, मग ती थेट लायसन्सवाल्या कारागिराकडे.

आता तेल. आपल्याकडे घरात मोहरीचं तेल डब्याने असतं म्हणून लोक तेच चोपडतात, पण ते हवेने हळूहळू चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि घोडा जड चालायला लागतो. खोबरेल तर २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं, ग्वाल्हेरच्या डिसेंबरात काय होईल तुम्हीच सांगा. गाडीचं काढलेलं काळं तेल फुकट मिळतं म्हणून कोणी लावू नका, त्यात काजळी, आम्ल आणि लोखंडाचा कीस असतो.

घ्यायचं ते पातळ, स्वच्छ खनिज तेल. बंदुकीच्या दुकानातलं गन ऑइल उत्तम, कारण त्यात गंज रोखणारं औषध असतं. शिलाई मशीनचं तेल चालत्या भागांना छान, पण नळीवर महिनोन् महिने टिकत नाही, दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा पुसावं लागतं. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे पाणी हटवायला चांगला, नंतर तेल लावायचंच. बारा बोरच्या बिजागरीला काडेपेटीच्या काडीच्या डोक्याएवढं ग्रीस पुरे.

टोपीदारवाल्यांनो, तुमचं काम नुसत्या तेलाने होत नाही. काळ्या बारूदीची राख क्षारांची असते, ती हवेतलं पाणी ओढते आणि क्षार तेलात विरघळत नाहीत, वरून तेल लावलं तर डांबरासारखा थर होतो आणि खाली गंज चालूच. वापरल्यावर त्याच दिवशी निपल काढून नळी साबणाच्या गरम पाण्याने धुवा, मग साधं गरम पाणी, चिंध्या कोरड्या निघेपर्यंत पुसा, नळी कोमट आहे तोवरच तेलाचा हात फिरवा. पाण्याला घाबरायचं नाही, ओल राहू द्यायची नाही एवढंच.

तेल कमीच लावा. बोट फिरवल्यावर चमक दिसावी, ओघळ नको. जास्त तेल दस्त्यात उतरतं आणि लाकूड मऊ पडतं, म्हणून तेल लावल्यावर एक रात्र नळीचं तोंड खाली करून ठेवा. वापरायच्या आधी नळी आतून कोरडी पुसून घ्यायची. काडतुसं आणि टोप्यांना तेलाचा हात लावू नका, आत झिरपलं तर बार उडत नाही. थंडीत धुक्यातून बंदूक उबदार खोलीत आणली की लोखंडाला घाम सुटतो, तेव्हा थोडं थांबून पुसा.

जवसाचं तेल फक्त लाकडी दस्त्याला, तेही अगदी पातळ. त्याच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून वाळवा.